कारण कळलं, पुढे काय?

१९९० साली ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या जपानी साप्ताहिकात काझुओ उमेझु यांची ‘फोर्टीन’ ही चित्रकथा सुरू झाली. त्या कथेतल्या भविष्यकाळात कोंबड्या पाळायच्या आणि कापायच्या फंदात कुणी पडत नाही. कारखान्यात पेशी वाढवायच्या, मांस तयार करायचं आणि विकायचं. अशाच एका मांसाच्या गोळ्याला अवयव फुटू लागतात. त्यातून जो उभा राहतो त्याचं धड माणसाचं, डोकं कोंबडीचं आणि बुद्धी भल्याभल्या शास्त्रज्ञांना पाणी पाजणारी. त्याचं नाव चिकन जॉर्ज. माणसानं आजवर प्राण्यांचं जे केलं त्याचा हिशेब चुकता करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात.

डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या विक्रीला परवानगी दिली. असं करणारा तो जगातला पहिला देश, आणि ते मांसही कोंबडीचंच होतं. हा योगायोग कुणालाही मोठा वाटेल. मला त्याचं तितकं अप्रूप नाही. भाकीत खरं ठरणं हा विज्ञानकथेचा सगळ्यात स्वस्त गुण. शंभर बाण सोडले की एखादा लागतोच. ‘फोर्टीन’मधली खरी गोष्ट वेगळी आहे. चिकन जॉर्ज कुठून आला, कसा आला, हे वाचकाला सुरुवातीलाच कळतं. त्याच्या जन्मात गूढ असं काही उरत नाही. तरी भीती ओसरत नाही, उलट पानागणिक चढत जाते.

भुताच्या गोष्टीत असं होत नसतं. नवऱ्याच्या दग्यानं विद्रूप होऊन मेलेली ओइवा जपानी रंगभूमीवर १८२५ पासून सूड घेते आहे. ती का परत येते हे प्रेक्षकाला पाठ असतं. आपल्याकडे वाड्यातला समंध असो, पिंपळावरचा मुंजा असो की विहिरीकाठची हडळ, कुणाचा तरी जीव कशात तरी अडकलेला असतो. तो कशात अडकला हे शोधून काढलं की निम्मं काम झालं. मग पुरलेली हाडं सापडतात, राहिलेले विधी होतात, शब्द पाळला जातो, आणि घर शांत होतं. कारण सापडणं हाच तिथे उतारा असतो.

जपानी विज्ञान-भयकथांनी नेमका हा उतारा काढून घेतला. तिथेही कारण सापडतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, दुर्बिणीतून दिसतं, फूटपट्टीनं मोजता येतं. आणि त्याचा उपयोग काहीच होत नाही. या ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथांचं आकर्षण कशात आहे, याचं माझं उत्तर एवढंच आहे. रक्त, आतडी, डोळे, जिभा हे सगळं त्यात भरपूर असतं. पण तेवढ्यासाठी कुणी दहा-दहा खंड वाचत नाही.

हे जपानमध्येच इतक्या जोमानं का उगवलं, असं विचारलं की बहुतेक जण हिरोशिमाचं नाव घेतात. ते खरंच आहे. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी अणुचाचणीची राख एका जपानी मच्छीमार बोटीवर पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. पण मला वाटतं, या चित्रकथांचा स्वभाव घडवण्यात बॉम्बइतकाच, कदाचित जास्तच, वाटा एका आखाताचा आहे.

क्युशू बेटावरच्या मिनामाता गावात आधी मांजरं वेड्यासारखी नाचू लागली, झटके येऊन मरू लागली. मग माणसांची पाळी आली. हात थरथरायचे, नजर अरुंद व्हायची, बोलणं अडखळायचं. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितलं की दोष सेंद्रिय पाऱ्याचा आहे. त्याच वर्षीच्या शरदात, ज्या चिस्सो कंपनीचं सांडपाणी आखातात जात होतं तिच्याच रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी एका मांजराला खाण्यातून दिलं. प्रयोगाच्या वहीत त्या मांजराचा क्रमांक होता ४००. त्याला तोच आजार झाला. हा निष्कर्ष कंपनीनं बाहेर येऊ दिला नाही. पाऱ्याचं उत्सर्जन थांबलं १९६८ साली. म्हणजे कारण कळल्यावर नऊ वर्षं मासे, मांजरं आणि माणसं तेच पाणी भोगत राहिली. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांची संख्याच दोन हजारांवर गेली.

विज्ञानानं गुन्हेगार दाखवून दिला आणि काहीही झालं नाही, हा अनुभव ज्या समाजानं घेतला, त्याच्या भयकथेत मांत्रिकाला काम उरणार नाही, हे ओघानंच आलं.

उमेझुंचा जन्म १९३६ चा, वाकायामा प्रांतातल्या डोंगराळ कोया गावचा. बालपण नारा प्रांतात गेलं. साठच्या दशकात मुलींच्या साप्ताहिकांत त्यांनी सापासारख्या आईच्या गोष्टी काढल्या आणि शाळकरी मुलींची झोप उडवली. जपानी भयमांगाचा मोठा वाचकवर्ग मुलींचा होता, हे आपल्याला चटकन पटत नाही. पण पुढे १९८६ मध्ये निघालेलं ‘हॅलोविन’ हे भयकथांना वाहिलेलं मासिकही मुलींसाठीच होतं. उमेझुंचं सर्वांत मोठं काम मात्र मुलांच्या ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात १९७२ ते १९७४ या काळात आलं. त्याचं नाव ‘ह्योर्यू क्योशित्सु’, म्हणजे भरकटलेला वर्ग.

एका सकाळी यामातो नावाची प्राथमिक शाळा इमारतीसकट, मुलांसकट, शिक्षकांसकट नाहीशी होते. जमिनीत खड्डा तेवढा राहतो. शाळा जाऊन पडते ती उजाड वाळवंटात. झाड नाही, पाणी नाही, आकाश काळवंडलेलं. हा दुसरा ग्रह नाही, आपलंच भविष्य आहे, हे मुलांना लवकरच उमगतं. आणि सगळ्यांत आधी मोडतात ती मोठी माणसं. शिक्षक भ्रमिष्ट होतात, एकमेकांच्या आणि मुलांच्या जिवावर उठतात. शाळेत जेवण पोचवायला आलेला सेकिया अन्नाचा साठा बळकावतो. सहावीतला शो ताकामात्सु इतर मुलांना घेऊन सरकार स्थापन करतो. पुढे साथ येते, भूक येते, भुलीशिवाय अपेंडिक्स कापायची वेळ येते. कापणारी आणि कापून घेणारी, दोन्ही मुलंच. इकडे वर्तमानात शोची आई, सगळं जग तिला वेडी म्हणत असताना, मुलाची हाक ऐकून एका हॉटेलच्या भिंतीत सुरा लपवून ठेवते. तो त्याला भविष्यात त्याच भिंतीत सापडावा म्हणून.

हे दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या साप्ताहिकात छापून येत होतं! आज कुठला संपादक धजेल? पण त्या मुलांना वाळवंट परकं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १८ जुलै १९७० ला, तोक्योच्या सुगिनामी भागातल्या एका शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुली डोळ्यांची आग होऊन, श्वास कोंडून धडाधड कोसळल्या होत्या. जपानमधल्या प्रकाशरासायनिक धुरक्याची ती पहिली मोठी घटना. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेनं प्रदूषणाबाबतचे चौदा कायदे एकाच अधिवेशनात मंजूर केले. लोक त्याला ‘प्रदूषण संसद’च म्हणू लागले. उमेझुंनी शाळेचं मैदान निवडलं, यात मला केवळ कल्पनाशक्ती दिसत नाही.

चित्रांकडे वळतो, कारण या कथा नुसत्या सांगितल्या तर पोरकट वाटतात. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे उघडतं. डोळा उजव्या पानावरून डाव्या पानावर जातो आणि डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकटीत थांबतो. त्या चौकटीत कुणीतरी मागे वळून पाहत असतं, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. काय पाहतं आहे ते कळायला पान उलटावं लागतं. उलटलं की पूर्ण पानभर ते. चित्रपटात दिग्दर्शक आपल्यावर दृश्य फेकतो, डोळे मिटले तरी ते पुढे सरकतं. इथे पान आपण उलटतो. थांबायची मुभा असते, आणि तरी आपण थांबत नाही. पुढचं पाप अर्धं वाचकाच्या बोटावर असतं.

दुसरं म्हणजे काळी शाई. साप्ताहिकाचा कागद हलका, छपाई एकरंगी. रक्त लाल दाखवायची सोय नाही, म्हणून ते पोत म्हणून काढायचं, चिकट आणि जड. रेषांवर रेषा चढवून अंधार तयार करायचा. आणि या माध्यमात खर्चाचा प्रश्नच नसतो. चहाचा कप काढायला जी शाई लागते तीच शहर उद्ध्वस्त करायला लागते. फक्त मनगट जास्त दुखतं. हे विनोदानं म्हणत नाही. ‘फोर्टीन’ १९९५ मध्ये संपलं आणि स्नायुबंधांच्या दुखण्यानं उमेझुंनी मांगाचं काम थांबवलं. नवं काम त्यांनी दाखवलं ते २०२२ साली, १०१ चित्रांच्या मालिकेच्या रूपात. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ८८ व्या वर्षी, ते गेले.

या प्रकारातली सर्वांत पक्की रचना कोणती, असं विचारलं तर मी हितोशी इवाआकींच्या ‘किसेइजू’कडे बोट दाखवीन. इंग्रजीत तिचं नाव ‘पॅरासाइट’सारखंच ऐकू येतं, पण बाँग जून-होच्या चित्रपटाशी तिचा काही संबंध नाही. १९८८ मध्ये सुरू झालेली ही कथा दहा खंडांत पूर्ण झाली आणि तिच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. कुठूनशा आलेल्या अळ्या रात्री झोपलेल्या माणसांच्या कानानाकातून शिरतात, मेंदूचा ताबा घेतात आणि डोक्याचं पात्यांत रूपांतर करून इतर माणसांना खातात. शिनिची इझुमी या कॉलेजात जाण्याच्या वयाच्या मुलाच्या बाबतीत गडबड होते. अळी मेंदूपर्यंत पोचत नाही, उजव्या हातातच अडकते. आता त्याचा हात हा एक स्वतंत्र प्राणी आहे. त्याला डोळा आहे, तोंड आहे, आणि वाचनाची दांडगी हौस आहे.

हा हात, मिगी, पुस्तकं वाचून अत्यंत शांतपणे शिनिचीला सांगतो की ‘राक्षस’ या शब्दाचा अर्थ शोधला; त्याला सर्वांत जवळचा प्राणी माणूस वाटतो. त्याच्या बोलण्यात टोमणा नाही. तो जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखा निरीक्षण नोंदवतो आहे. आणि वाचकाला उत्तर सुचत नाही. इवाआकींची रेषा उमेझुंसारखी किंचाळत नाही. ती कोरडी, साधी, जवळजवळ अनाकर्षक आहे. डोकं उमलून त्याची पाती होतात तेव्हाही चित्रकाराचा आवाज चढत नाही, आणि म्हणून ते जास्त लागतं.

कथेतली सर्वांत मोठी व्यक्तिरेखा माझ्या मते नायकाची नाही, रेको तामुराची आहे. शिक्षिकेच्या शरीरात वसलेली ही परजीवी प्रयोग म्हणून माणसाचं मूल जन्माला घालते. तिच्या जातीला पुनरुत्पादन नाही. मग आपण जन्मलो कशासाठी, हा तिचा प्रश्न आहे आणि तो ती संशोधकाच्या चिकाटीनं सोडवू पाहते. शेवटी पोलिसांच्या गोळ्या अंगावर घेत ती त्या मुलाला वाचवते. उलट वार करण्याची ताकद असून करत नाही. का, हे तिलाही पुरतं सांगता येत नाही. आईपणावर मराठीत आपण एवढं लिहिलं आहे, पण मुलाविषयी काहीही न वाटणाऱ्या प्राण्यानं ते आतून शोधून काढावं, असा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आणि शेवटची लढाई. गोतो या अजिंक्य परजीवीसमोर शिनिची हरत असतो. त्याच्या हाती लागतो तो कुणीतरी डोंगरात चोरून टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगातला गंजका गज. त्या कचऱ्यातलं विष गोतोच्या शरीरात भिनतं आणि तो कोसळतो. माणूस जिंकतो तो शौर्यानं नाही, अकलेनंही नाही, आपल्याच घाणीमुळे. शिनिचीला हे कळतं, म्हणूनच शेवटचा घाव घालताना त्याचा हात अडखळतो. मिनामातापासून इथपर्यंत रेघ सरळ ओढता येते.

जुन्जी इतोंचं नाव आता जगभर झालं आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडं आखडून लिहितो. १९६३ मध्ये गिफू प्रांतात जन्म, थोरल्या बहिणींच्या मासिकांतून लहानपणीच उमेझुंशी ओळख, पुढे दंततंत्रज्ञाची नोकरी. १९८७ मध्ये त्यांनी ‘हॅलोविन’ मासिकाच्या स्पर्धेला ‘तोमिए’ ही कथा पाठवली. स्पर्धा उमेझुंच्या नावाची होती आणि कथेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तोमिए ही कितीही वेळा मारली, कितीही तुकडे केले, तरी प्रत्येक तुकड्यातून पुन्हा उगवणारी मुलगी. एक वर्गमित्र वारला आणि तो आता कधीच दिसणार नाही हे विचित्र वाटलं, त्याला पालीच्या पुन्हा फुटणाऱ्या शेपटीची जोड दिली, असं इतोंनी या कल्पनेबद्दल सांगितलं आहे.

‘उझुमाकी’ (१९९८-९९) सगळ्यांना माहीत आहे. एक अख्खं गाव सर्पिल आकारानं झपाटलेलं. शंख, भोवरा, केसांची बट, कानातला शंखाकार भाग, आकाशगंगा. नेहमीचा भूमितीचा आकार, त्यात वाईट काय असणार? आणि तिथेच आपण फसतो. मला मात्र ‘अमिगारा फॉल्ट’ ही छोटी कथा जास्त महत्त्वाची वाटते. भूकंपानं एका डोंगराची कूस उघडी पडते आणि त्या कड्यावर असंख्य भोकं दिसतात, माणसाच्या आकाराची. शास्त्रज्ञ येतात, खोली मोजू लागतात. बातमी पाहून दुरून लोक येतात आणि एकेक जण आपलं भोक ओळखतो. ते आपल्याच मापाचं आहे, याची त्याला खात्री असते. कपडे काढून तो आत शिरतो. शेवट इथे सांगत नाही. मोजमाप चालूच असतं, एवढं सांगतो.

‘ग्यो’ (२००१-०२) या कथेत समुद्रातून यांत्रिक पायांवर चालत सडके मासे येतात. मागे दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्करानं केलेलं जंतुसंशोधन असतं. कथा संपली त्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, तोक्योच्या जिल्हा न्यायालयानं मान्य केलं की ७३१ क्रमांकाच्या तुकडीनं चीनमध्ये जंतुयुद्ध केलं होतं. भरपाई मात्र नाकारली. ‘ग्यो’ चांगली कथा आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या अर्ध्यात ती सर्कशीच्या तंबूत शिरते आणि तिथेच राहते. इतोंची पात्रं अनेकदा लाकडी असतात, आणि बाईच्या देहाची विटंबना ते जरा सैल हातानं वापरतात. ‘रेमिना’तही (२००४-०५) ते आहेच, पण तिथे त्याला कारण आहे. खगोलशास्त्रज्ञ नवा ग्रह शोधतो आणि त्याला मुलीचं नाव देतो. मुलगी रातोरात लाडकी होते. मग कळतं की तो ग्रह वाटेतले तारे गिळत पृथ्वीकडे येतो आहे. वेग, दिशा, आकार, सगळं शास्त्रज्ञांना ठाऊक असतं. जमाव काय करतो? जुन्या भूतकथेतला उतारा शोधतो: या मुलीला बळी द्या, म्हणजे ग्रह परत जाईल. विज्ञानाचं कारण निरुपयोगी ठरलं की माणसं मांत्रिकाकडे कशी धावतात, याची ही नोंद. इंग्रजी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये, ऐन साथीत आली, आणि २०२१ साली तिला आयझनर पुरस्कार मिळाला. जगाला ती का पटली असेल, हे वेगळं सांगायला नको. जाता जाता, याच माणसानं याच रेषेत घरच्या दोन मांजरांची डायरी काढली आहे. ती तुफान विनोदी आहे, आणि मांजरं भयानक दिसतात.

त्सुतोमु निहेईंच्या ‘ब्लेम’बद्दल (१९९७-२००३) थोडंच. बांधकामाच्या क्षेत्रात काम केलेल्या या चित्रकारानं असं शहर काढलं की जे यंत्रं बांधतच राहतात, कारण ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस उरलेला नाही. आत गुरू ग्रहाएवढ्या पोकळ्या आहेत. संवाद जवळजवळ नाहीत. नियम चालू आहेत, त्यांचा मालक नाही. मुंबईत वांद्र्यापासून पुढे खाडीकडे पाहताना कुणाला हे शहर आठवलं, तर तो त्याचा दोष नाही.

आपल्याकडचं पाहिलं तर या दोन धारा वेगवेगळ्या वाहिल्या. नारायण धारपांनी (१९२५-२००८) मराठी वाचकाला अमानवी भीतीची चटक लावली. त्यांच्या अनेक कथांत शेवटी समर्थ नावाचे तारणहार येतात आणि अरिष्ट निवारतात. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला विवेकाचा भक्कम पाया दिला; तिथे कोडं सुटतं. एका वाटेवर श्रद्धा वाचवते, दुसऱ्या वाटेवर बुद्धी. कोडं सुटूनही कुणी वाचत नाही, ही तिसरी वाट मात्र आपण फारशी चाललो नाही. भोपाळ आपल्याच देशात घडलं असतानाही.

वाचायला सुरुवात करायची असेल तर इंग्रजी भाषांतरं मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत मिळतात. आधी ‘अमिगारा’ वाचा, मग ‘किसेइजू’. ‘उझुमाकी’ नंतर. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. आपल्याकडे रेषेवर हुकमत असलेले चित्रकार आहेत, दर वर्षी त्यांच्याकडून आपण मुखपृष्ठ आणि कथांच्या डोक्यावरची चित्रं तेवढी काढून घेतो. पुढच्या अंकात एखाद्याला तीस-बत्तीस पानं सलग द्या. रंगीत नकोत, काळी-पांढरीच द्या. विषयाचं बंधन घालू नका. एकच अट ठेवा: शेवटी समर्थ यायचे नाहीत.